मिल, एमओए आणि रेटिकल: लांब पल्ल्याच्या स्कोपची पार्श्वभूमी

आपल्याकडचा नेमबाज बहुतेक वेळा डायॉप्टरवर, म्हणजे बारीक छिद्रातून बघायच्या साइटवर, घडतो. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या नेमबाजाने ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले त्या प्रकारातही दुर्बीण चालत नाही. त्यामुळे हजार यार्डांसाठी स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, निवडायची वेळ आली की परदेशात तयार झालेली परिभाषा एकदम अंगावर येते आणि तिच्यातला गुंताही आयताच मिळतो.

सुरुवातीचा काळ थोडक्यात पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत जवळजवळ बॅरलइतक्या लांब दुर्बिणी रायफलवर बसत होत्या. यादवी युद्धात त्या वापरल्या गेल्या. क्रॉसहेअर, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या रेषा, खरोखरच केसाचे किंवा कोळ्याच्या धाग्याचे असत, आणि नेम सरकवायचा तर माउंटसकट अख्खी नळी हलवावी लागे. समायोजन नळीच्या आत गेले, टरेट म्हणजे फिरवायच्या कळा आणि त्यांचे एकेक खटके म्हणजे क्लिक आले, आणि मग एक क्लिक म्हणजे किती, हा प्रश्न उभा राहिला.

इंग्रजी मापांच्या देशांत त्याचे उत्तर एमओए, मिनिट ऑफ अँगल. ही आपल्या पंचांगातली कलाच, अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर ती १.०४७ इंच भरते. वरचे ०.०४७ सोडून देण्याची सवय तिथूनच लागली. हजार यार्डांवर तीस एमओए फिरवले की या सवयीने सुमारे १४ इंचांचा फरक पडतो, म्हणून ती सोडलेलीच बरी.

खरा घोळ मिलचा आहे. मिल म्हणजे मिलिटरी, असे अनुभवी मंडळीही सांगतात. ते चूक आहे. मिल म्हणजे मिलिरेडियन, त्रिज्येच्या हजाराव्या भागाएवढ्या कंसाचा कोन. पूर्ण वर्तुळात ते ६२८३ आणि थोडे वर बसतात. तोफखान्याला हा आकडा भागाकाराला गैरसोयीचा, म्हणून पाश्चात्त्य सैन्यांनी वर्तुळाचे ६४०० भाग केले, सोव्हिएत सैन्याने ६००० केले, आणि नाव तेच राहिले. नेमबाजीच्या रेटिकलवर, म्हणजे दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या खुणांवर, मिलिरेडियनच धरायचा. एखाद्याने ६४०० चे माप धरून, लक्ष्य किती मिल दिसते यावरून अंतर काढले तर ८०० मीटरचे ८१५ येतात. .३०८ काडतुसाची गोळी तिथे इतकी उतरती असते की पंधरा मीटरच्या चुकीने मारा पाव मीटरहून जास्त सरकतो.

दुसरा गैरसमज असा की मिल मेट्रिक आहे. तो नुसते गुणोत्तर आहे. हजार मीटरला एक मीटर, हजार यार्डांना एक यार्ड.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्यात ठिपक्यांचे मिल-डॉट रेटिकल आले. ठिपक्यांच्या मध्यांमधले अंतर एक मिल. मात्र टरेट एमओएतच राहिले, आणि या एका निर्णयाने पुढच्या दोन-तीन दशकांच्या नेमबाजांना गुणाकार करायला लावला. मारा १.४ मिल खाली दिसला, तर ३.४३८ ने (एका मिलचे एमओए) गुणा, ४.८ एमओए काढा, मग पाव एमओएचे १९ क्लिक. टरेटही मिलचे असते तर दिसले तेवढे फिरवायचे, दशांश मिलचे १४ क्लिक, काम संपले. नागरी बाजारानेही हीच विजोड जोडी उचलली आणि अजूनही जुन्या मालात ती सापडते. अशी दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

ती सैनिकी दुर्बीण ठरावीक दहा पटींची होती, म्हणून फोकल प्लेनचा, म्हणजे रेटिकल झूमच्या भिंगांच्या पुढे (फर्स्ट) बसवायचे की मागे (सेकंड) याचा, प्रश्न तेव्हा आलाच नाही. झूम सर्रास झाल्यावर तो आला. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकलचे माप एकाच पटीला, बहुधा सर्वांत वरच्या, खरे असते. फर्स्टमध्ये ते सगळ्या पटींना खरे, पण मोठ्या झूमला रेषा जाड होऊन लक्ष्याचा ठिपका झाकतात.

इथून वाटा फुटल्या. लोखंडी साइट दिसेनाशा झालेल्या वयस्कर नेमबाजांसाठी १९९० च्या दशकात कॅनडातून एफ-क्लास हा दुर्बिणीने, रायफल टेकवून मारायचा प्रकार पुढे आला. तिथे अंतर ठाऊक असते आणि वर्तुळेच एमओएत आखलेली, हजार यार्डांवर दहाचे वर्तुळ दहा इंचांचे आणि आतले एक्स पाच इंचांचे. त्यामुळे बारीक ठिपका, एक अष्टमांश एमओएचे क्लिक, सेकंड फोकल प्लेन आणि चाळीस-पन्नास पट हीच निवड तिथे टिकली, आणि ती योग्य आहे. मात्र उन्हात हवा थरथरू लागली की तेवढी पट कामाची राहत नाही, झूम खाली आणावा लागतो.

गेल्या दशक-दीड दशकात वाढलेल्या, मिनिट-दोन मिनिटांत अनेक अंतरांवरच्या पोलादी पाट्या मारायच्या स्पर्धांनी उलट वळण घेतले. तिथे टरेट फिरवायला अनेकदा सवड नसते, रेटिकलवरच वर-बाजूला धरून मारावे लागते. म्हणून फर्स्ट फोकल प्लेन, ०.२ मिलच्या खुणा आणि खाली पसरत जाणारी ख्रिसमस ट्रीची जाळी. शेजारचा स्पॉटर, म्हणजे मारा बघून सांगणारा, ‘तीन दशांश डावीकडे’ ओरडतो तेव्हा तो मिलच बोलत असतो, आणि त्या रांगेत एमओएचा स्कोप घेऊन बसलेल्याला पुढच्या गोळीआधी पुन्हा तोच ३.४३८ चा गुणाकार करावा लागतो.