फवारणीने ट्रिस्टेझा बरा होत नाही

वरूड, मोर्शी, काटोल या पट्ट्यात संत्र्याचे झाड पिवळे पडून वाळू लागले की स्ट्रेप्टोसायक्लीन आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी करावी, म्हणजे ‘व्हायरस’, अर्थात ट्रिस्टेझा हा संत्रा-लिंबाच्या झाडांचा रोग, जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. स्ट्रेप्टोसायक्लीन हे प्रतिजैविक असल्यामुळे लिंबावरील खैऱ्यासारख्या जिवाणूजन्य रोगावर ते उपयोगी पडते. ट्रिस्टेझा मात्र विषाणूजन्य असून तो झाडाच्या अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो आणि बागेतील झाडातून त्याला काढून टाकणारे औषध उपलब्ध नाही. फवारणीनंतर दिसणारी नवती (नवी पालवी) पाण्या-खतामुळे किंवा हंगाम बदलल्यामुळेही येऊ शकते. तिचे श्रेय औषधाला मिळते, इतकेच.

हा विषाणू मावा किडीमुळे आणि त्याहून दूरवर रोगट झाडाच्या डोळ्यातून, म्हणजे कलमांतून, पसरतो. येथेच खरी मेख आहे: जंबेरी खुंट (ज्यावर संत्र्याचा डोळा भरतात ते रोप) ट्रिस्टेझाला बराच सहनशील असल्याने त्यावरील संत्र्याचे झाड विषाणू बाळगूनही हिरवेगार दिसू शकते, आणि रोपवाटिकेत नेमका त्याचाच डोळा भरला जातो. कागदी लिंबू तसे लपवत नाही. त्याचे कोवळे पान उजेडाकडे धरल्यास शिरा तुटक व पारदर्शक दिसतात, म्हणून तपासणीसाठी तेच वापरतात.

शिवाय वाळणारे प्रत्येक झाड ट्रिस्टेझाचे नसते. भारी, चिबड जमिनीत बुंध्यातून डिंक येत असेल, तर तो बहुधा फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारा डिंक्या रोग असतो व त्यावर उपचार आहेत. नवी लागवड करताना विषाणूमुक्त मातृवृक्षाचीच कलमे घ्यावीत आणि नवतीवरील मावा आटोक्यात ठेवावा.