पाणवठ्यावरील वन्यप्राणी गणना

उन्हाळ्यात, बहुधा वैशाख पौर्णिमेच्या (बुद्धपौर्णिमेच्या) रात्री, जंगलातील पाणवठ्याजवळ मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती वनखात्यामार्फत अनेक वर्षे रूढ आहे. ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच, नागझिरा आणि बोर ही विदर्भातील जंगले तिची मुख्य ठिकाणे. मुंबईलगतचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर आणि रायगडमधील फणसाड येथेही अशी गणना होत आली आहे. प्रगणकांत वन कर्मचाऱ्यांच्या जोडीला हौशी निसर्गप्रेमी असतात. गणना म्हटले, तरी जंगलात एकूण किती प्राणी आहेत हे तिच्यातून कळत नाही.

ही पद्धत शुष्क पानझडी जंगलाच्या स्वभावावर बेतलेली आहे. मेपर्यंत सागाची पाने गळून गेलेली असतात, नाले कोरडे पडतात आणि पाणी मोजक्या डोहांत व तळ्यांत उरते. उरलेल्या पाण्यावर आसपासचे बहुतेक सस्तन प्राणी येतात आणि झाडोरा विरळ झाल्याने ते दिसतातही. पौर्णिमेमुळे बॅटरी न लावता रात्रभर पाहता येते. मात्र ही तिथी दरवर्षी सरकते : बुद्धपौर्णिमा 2023 मध्ये 5 मे रोजी, 2024 मध्ये 23 मे रोजी आणि 2025 मध्ये 12 मे रोजी आली. मेच्या पहिल्या आठवड्यात ओल असलेला झरा तिसऱ्या आठवड्यात ठणठणीत कोरडा असू शकतो. त्यामुळे एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाशेजारी ठेवताना आधी तारीख पाहावी लागते. वळीव पडून गेला असेल तर सगळेच गणित कोसळते. खाचखळग्यांत पाणी साचले की मोठ्या पाणवठ्यावर कोणी फिरकत नाही.

तयारी आधीपासून सुरू होते. प्रत्येक नियतक्षेत्राचा, म्हणजे बीटचा, वनरक्षक आपल्या हद्दीतील नैसर्गिक व कृत्रिम पाणवठ्यांची यादी करतो. कृत्रिम पाणवठे म्हणजे टँकरने किंवा सौरपंपाने भरले जाणारे सिमेंटचे उथळ खड्डे. मचाण झाडावर बांधतात किंवा लोखंडी सांगाड्यावर उभारतात आणि फांद्यांनी झाकतात. प्रत्येक मचाणावर एक-दोन प्रगणक आणि सोबत वनरक्षक किंवा वनमजूर असतो. बैठक साधारणपणे दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी संपते. काही ठिकाणी ती पूर्ण 24 तासांची असते. मळकट रंगाचे कपडे घालायचे, अत्तर लावायचे नाही, विडी-सिगारेट ओढायची नाही, रात्री खाली उतरायचे नाही, हे नियम सगळीकडे सारखेच. अलीकडे त्यांत मोबाइलचीही भर पडली आहे. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडला की समोरच्या सांबराला मचाणावर कोण बसले आहे ते कळते.

नोंदीसाठी छापील तक्ता असतो. त्यात पाणवठ्याचे नाव, वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्ले, ओळख न पटलेले, कोणत्या दिशेने आले व गेले, अशी रकाने असतात. ‘1.40, सांबर, मादी 2, पिल्लू 1, पूर्वेकडून आले, नाल्याने गेले’ इतकी कोरडी नोंद उत्तम समजावी. नवखे प्रगणक दिशेचा रकाना कंटाळून मोकळा सोडतात, पण पुढची सगळी मदार त्याच्यावरच असते. एक वाघ एका रात्रीत दोन-तीन पाणवठ्यांवर जाऊ शकतो आणि तितक्या तक्त्यांत तो चढतो. वेळ आणि दिशा जुळवून ही दुबार नोंद गाळता येते. नुसता आवाज ऐकला असेल तर त्याची नोंद शेऱ्यात करायची, संख्येत नाही.

चांदण्यात आकार दिसतो, रंग दिसत नाही, आणि खरी परीक्षा इथे असते. नीलगाईचा नर राखी आणि मादी तांबूस, हा दिवसाचा सोपा फरक रात्री उपयोगी पडत नाही. सांबराचे तर ऐन याच दिवसांत घोटाळे होतात : मध्य भारतात बऱ्याच नरांची शिंगे उन्हाळ्यात गळून पडतात. बिनशिंगाचा नर घाईत मादीच्या रकान्यात जातो. मान, आयाळ आणि अंगाचा बांधा पाहूनच तो ओळखावा लागतो. अस्वलाची पिल्ले आईच्या पाठीवर बसून येतात. आई पाण्यावर वाकली की तिघांचा मिळून एकच काळा ढीग दिसतो. पिल्ले खाली उतरेपर्यंत आकडा लिहू नये. साळिंदराची चाहूल काट्यांच्या खुळखुळाटाने आधी लागते. वाघ पाण्यात उतरताना पुष्कळदा पाठमोरा, मागचे अंग आधी बुडवत बसतो आणि बराच वेळ उठत नाही. तेवढ्या वेळात त्या पाणवठ्यावर दुसरे काही नोंदले जाण्याची शक्यता कमीच.

चितळ आणि रानकुत्री मुख्यतः दिवसा वावरतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दुपार, संध्याकाळ आणि पहाट महत्त्वाची. रात्रभर डोळे ताणून पहाटे पेंगणारा प्रगणक नेमका हाच भाग गमावतो. पक्ष्यांसाठी बहुधा वेगळा तक्ता नसतो, आणि ही या पद्धतीतली मोठी उणीव म्हणावी लागेल. मेमध्ये टिटवीची वीण चालू असते, रातव्याची टकटक रात्रभर ऐकू येते, पावशा ओरडू लागलेला असतो आणि महिना सरता सरता नवरंगही दाखल होतो. यातले काहीच संख्येच्या रकान्यात बसत नाही. जाणकार प्रगणक ते शेऱ्यात लिहून ठेवतात.

एकेकाळी अशा नोंदींना अधिकृत आकड्यांच्या जोडीचे वजन होते. वाघांसाठी मुख्य भिस्त पाऊलठशांवर असे. सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये ओडिशात ही ठशांची पद्धत मांडली आणि 1972 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ती वापरली गेली. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यातून वाघ पूर्ण नाहीसे झाल्याचे 2005 मध्ये उघड झाले. कागदावर तेथे वाघ होते. त्यानंतर पद्धत बदलली. 2006 पासून दर चार वर्षांनी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था राज्यांच्या वनखात्यांच्या साह्याने अंदाज काढतात. त्यात खाणाखुणांचे सर्वेक्षण, ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत भक्ष्य प्राण्यांची मोजणी आणि स्वयंचलित कॅमेरे यांचा वापर होतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने छायाचित्रांवरून तो एकदाच मोजला जातो. 2022 च्या अंदाजात महाराष्ट्रात 444 वाघ आढळले. 2018 मध्ये ते 312 होते.

या बदलानंतर पाणवठ्यावरची रात्र संख्याशास्त्राच्या हिशोबातून बाहेर पडली. वनखाते आता ती बऱ्याच ठिकाणी ‘निसर्गानुभव’ या नावाने, शुल्क घेऊन व आगाऊ नोंदणी करून आयोजित करते. तरीही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सर्व मचाणांची बेरीज ‘इतके वाघ, इतके बिबटे’ अशी छापून येते. ती बेरीज जंगलातील संख्या नसून दर्शनांची संख्या असते. तक्त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. कोणता पाणवठा वापरात आहे आणि कोणता टाकला गेला, पिल्ले किती दिसतात, गुरे कोणत्या बाजूने आत शिरतात, हे बीटच्या पातळीवर कळते. एखाद्या टाक्याकडे फक्त रानडुकरे येत असतील तर टँकरची फेरी दुसरीकडे वळवता येते.

सह्याद्रीच्या माथ्यावर ही पद्धत लंगडी पडते. कोयना, राधानगरी, भीमाशंकर येथील सदाहरित आणि निमसदाहरित रानांत उन्हाळ्यातही ओढ्यांना पाणी असते, सावली दाट असते आणि चांदणे जमिनीपर्यंत पोहोचत नाही. गवा एखाद्या मोकळ्या तळ्यावर दिसेलही. पण भीमाशंकरचा शेकरू झाडावरून सहसा उतरतच नाही. त्यामुळे तेथे झाडांच्या शेंड्यांवरील घरटी मोजतात. एक शेकरू अनेक घरटी बांधतो, म्हणून वापरातली आणि सोडलेली घरटी वेगळी लिहावी लागतात.