शैवालतळ्यांतून कार्बनग्रहण

कोळशावरील वीजकेंद्राच्या धूरवायूतला कार्बन डायॉक्साइड उथळ तळ्यांत सोडून, तो सूक्ष्मशैवालांकडून प्रकाशसंश्लेषणाने शोषून घेण्याची पद्धत. एक किलो सुके शैवाल तयार होताना सुमारे 1.83 किलो कार्बन डायॉक्साइड खर्ची पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 1978 ते 1996 या काळात यावर मोठे संशोधन केले. भारतात नाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीने ओडिशातील अंगुळ येथील आपल्या वीजकेंद्रात प्रायोगिक प्रकल्प राबवला.

सोलापूरला ऊन मुबलक आहे, म्हणून ही पद्धत इथे सहज जमेल असे वाटते. पण खरा हिशेब पाण्याचा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीजवळचे एनटीपीसीचे केंद्र 1320 मेगावॉटचे (660चे दोन संच) असून त्याला उजनी धरणाचे पाणी मिळते. एका युनिटमागे सुमारे 0.9 किलो धरल्यास पूर्ण भाराने चालताना दिवसाला 28 हजार टनांहून अधिक कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. चांगले जोपासलेले तळे चौरस मीटरमागे रोज 20 ग्रॅम सुके शैवाल देते, म्हणजे हेक्टरी सुमारे 365 किलो वायू शोषते. केंद्राच्या रोजच्या वायूतला केवळ एक टक्का पकडायलाही सुमारे 780 हेक्टर तळी लागतील. कडक उन्हाळ्यात रोज 10 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर त्या तळ्यांतून दिवसाला 7.8 कोटी लिटर पाणी उडून जाईल. नव्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे 3 लिटर पाण्याची मर्यादा आहे. त्या हिशेबाने अख्खे केंद्र पूर्ण भाराने चालवायला रोज सुमारे 9.5 कोटी लिटर लागतात.

चिमणीकडे जाणाऱ्या धूरवायूत कार्बन डायॉक्साइड 12 ते 15 टक्केच असतो आणि तापमान 120 ते 140 अंश सेल्सियस. वायू आधी पाण्याच्या फवाऱ्याने 40 अंशांपर्यंत थंड करतात, मग चुन्याच्या किंवा सोड्याच्या द्रावणाने त्यातला सल्फर डायॉक्साइड काढतात. ही पायरी टाळली तर पाण्याचा सामू (pH) घसरतो आणि हिरवे पाणी पिवळट पडून शैवाल मरते.

तळे लांबट, गोल वळणांचे आणि 20 ते 30 सेंटिमीटर खोल असते. पॅडलचे चाक पाणी सेकंदाला 20 ते 30 सेंटिमीटर वेगाने फिरते ठेवते. इतक्या उथळ पाण्यात बुडबुडा विरघळण्याआधीच वर येऊन फुटतो. म्हणून तळ्यात एके ठिकाणी मीटर-दीड मीटर खोल खड्डा ठेवून तिथे तळाशी बारीक छिद्रांच्या नळ्यांतून वायू सोडतात. सामू ठरलेल्या पातळीवर चढला की झडप उघडते, उतरला की मिटते. केवळ वेळापत्रकाने वायू सोडल्यास ढगाळ दिवशी तो वाया जातो.

सोलापूरच्या हवेत स्पिरुलिना ही निळ्या-हिरव्या शैवालाची जात अधिक सोयीची. 35 अंशांच्या आसपास ती जोमाने वाढते, 9 ते 10.5 सामूत तिचे बहुतेक शत्रू तग धरत नाहीत आणि तिचे लांब तंतू 30 ते 50 मायक्रॉनच्या कापडावर गाळता येतात. क्लोरेला हे बारीक गोल पेशींचे शैवाल त्याच कापडातून निसटते. त्याला सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून वेगळे करणारे यंत्र) लागतो आणि विजेचा खर्च वाढतो. एप्रिल-मेमध्ये मात्र स्पिरुलिनालाही सावलीची जाळी हवी. दुपारी शैवालानेच सोडलेला ऑक्सिजन पाण्यात साठतो आणि वाढ खुंटते. तेव्हा पाणी अधिक खळबळवावे लागते. बाष्पीभवनाने क्षार वाढतात, त्यामुळे अधूनमधून थोडे पाणी काढून ताजे भरणे भाग पडते.

रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, शैवाल श्वसनाने उलट वायू सोडते आणि वीजकेंद्र चालूच असते. यावर चांगला उपाय म्हणजे रात्रीचा वायू सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बायकार्बोनेट म्हणून साठवून दिवसा तळ्यात देणे.

शैवाल खाल्ले, जाळले किंवा कुजवले की कार्बन पुन्हा हवेत जातो. त्यामुळे हे कायमचे साठवण नव्हे. कोळशातला पारा आणि आर्सेनिकही शैवालात उतरू शकतो. धूरवायूवर वाढवलेली स्पिरुलिना अन्न किंवा पशुखाद्य म्हणून, प्रत्येक खेपेची तपासणी केल्याशिवाय, विकू नये.

या जिल्ह्यात पहिला प्रयोग करायचाच तर साखर कारखान्यांच्या आसवन्यांपाशी (डिस्टिलऱ्यांपाशी) करावा. तिथे किण्वनातून (मळी आंबवताना) लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायॉक्साइड निघतो, तोही जवळजवळ शुद्ध, थंड आणि गंधकाच्या धुराविना.