अतिघाम (मुले व किशोरवयीन) : बेळगाव सीमाभाग

शरीर थंड राखण्यासाठी लागतो त्याहून कितीतरी जास्त घाम वारंवार येणे म्हणजे अतिघाम. मुलांत तो बहुधा तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा एवढ्याच जागी येतो आणि त्यामागे दुसरा आजार नसतो. तळहात-तळपायांचा त्रास पुष्कळदा प्राथमिक शाळेतच सुरू होतो, काखांचा वयात येताना. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ‘अंगात उष्णता आहे’ किंवा ‘पोर घाबरट आहे’ म्हणून तो सोडून दिला जातो. दोन्ही समज चुकीचे आहेत. घामाच्या ग्रंथी नेहमीसारख्याच असतात. त्यांना चेतवणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांचा (आपोआप काम करणाऱ्या सिंपथेटिक नसांचा) जोर तेवढा जास्त असतो. आईचे किंवा मामाचेही हात असेच ओले असल्याचे विचारल्यावर बऱ्याचदा कळते. भीतीने घाम वाढतो हे खरे, पण ओल्या हातांची लाजच ती भीती वाढवते.

एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, परीक्षेत हे जवळून दिसते. मनगटाखाली रुमाल, तरीही उत्तरपत्रिकेचा कागद ओला होऊन फुगतो, शाई पसरते, पेन बोटांतून घसरते. अशा मुलाला हाताखाली टीपकागद आणि बॉलपेन वापरू द्यावे. ही सवलत नव्हे, गरज आहे. खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबी-जांबोटीकडे, पावसाळ्यात बूट-मोजे वाळतच नाहीत. घामेजल्या तळव्यांवर मग जंतू वाढतात, कातडी पांढरी पडते, तिला बारीक खड्डे पडतात आणि उग्र वास येतो. त्यावर मलम मिळते. त्या वासावरून वर्गात मुलाला घाणेरडे ठरवणे अन्यायाचे आहे.

सहा महिन्यांहून जास्त काळ, दोन्ही बाजूंना सारखाच, झोपेत थांबणारा घाम असेल तर निदान सहसा सोपे असते. रात्री कपडे भिजवणारा घाम, सोबत ताप किंवा वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी करावी. छातीत धडधड व हात थरथरणे असेल तर थायरॉइडची. अंगावर पिताना घामाघूम होणाऱ्या तान्ह्या बाळाचे हृदय तपासून घ्यावे. निपाणी भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तंबाखूची ओली पाने हाताळल्यावर कातडीतून निकोटीन शरीरात जाते आणि मळमळ, चक्कर, घाम सुरू होतो. फवारणीनंतर घामाबरोबर लाळ गळू लागली, बाहुल्या बारीक झाल्या तर ती विषबाधा आहे. तडक दवाखाना गाठावा.

उपचाराची सुरुवात ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाने होते, साधारण 10 ते 20 टक्क्यांच्या. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या कातडीवर लावायचे आणि सकाळी धुवायचे. त्याने घामाच्या नलिकांची तोंडे बुजतात. बहुतेकांची चूक इथेच होते: सकाळी आंघोळ करून ओलसर अंगावर लावतात, आग होते आणि दोन दिवसांत बाटली कपाटात जाते. आग झाली तर एक दिवसाआड लावावे. डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मलमही देतात. गुण दिसू लागला की आठवड्यातून एक-दोनदा पुरते. तुरटीतही ॲल्युमिनियम असते, म्हणून सौम्य त्रासात तिचा थोडा उपयोग होतो.

हातापायांना एवढ्याने भागले नाही तर आयनटोफोरेसिस: नळाच्या पाण्यात हात बुडवून त्यातून हलका विद्युतप्रवाह 20-30 मिनिटे सोडतात, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. खेड्यातून बेळगावला एवढ्या खेपा शाळा चालू असताना जमत नाहीत. उन्हाळी सुट्टीत सुरुवात करणे शहाणपणाचे. पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा बसवलेल्यांना ते करू नये.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या सबंध शरीराचाच घाम कमी करतात. तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो. एप्रिल-मेच्या उन्हात शेतावर राबणाऱ्या किंवा मैदानावर खेळणाऱ्या मुलाचे अंग मग थंड होऊ शकत नाही, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. बोटुलिनम विषाच्या (बोटॉक्सच्या) सुया काखेत काही महिने गुण देतात. तळहातात त्या फार दुखतात आणि पकड तात्पुरती सैल होऊ शकते.

छातीतली अनुकंपी तंत्रिका दुर्बिणीतून कापण्याची शस्त्रक्रिया हात कोरडे करते, पण नंतर पाठ, पोट, मांड्यांना भरपूर घाम फुटू शकतो आणि तो कायमचा राहू शकतो. शाळकरी वयात तिची घाई करू नये.