थिन क्लायंट आणि एक लिटरचा पीसी: सारखे दिसणारे डबे, वेगळ्या परीक्षा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुना छोटा संगणक मागितला, की दुकानदार बरेचदा दोन काळे डबे पुढे सरकवतो आणि दोघांनाही ‘मिनी पीसी’ म्हणतो. दोन्ही जाडजूड पुस्तकाएवढे. दोन्हींवर डेल, एचपी किंवा लेनोवोचा शिक्का. दोन्ही कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून निघालेले. पण त्यातला एक थिन क्लायंट असतो आणि दुसरा पुरता पीसी, फक्त आकाराने एक लिटरचा. होमलॅबसाठी, म्हणजे घरीच छोटे सर्व्हर चालवण्यासाठी, दोन्ही कामाचे आहेत. मात्र एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली तर पैसे वाया जातात, आणि एकाची तपासणी दुसऱ्याला लावली तर दोष हातून निसटतो.

थिन क्लायंटच्या पोटात जवळजवळ काही नसतं, आणि ते मुद्दाम तसं असतं. खरं काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. टेबलावरच्या डब्याने फक्त पडदा दाखवायचा आणि कीबोर्ड-माउसचे इशारे पोचवायचे. सन मायक्रोसिस्टम्सने १९९९ मध्ये सन रे आणला तेव्हा एका टेबलावरून स्मार्ट कार्ड काढून दुसऱ्या टेबलावर घातलं, की आपला पडदा तिथे हजर व्हायचा. बँका, रुग्णालयं, कॉल सेंटर यांना हे सोयीचं होतं: डबा चोरीला गेला तरी माहिती जात नाही, आणि बिघडला तर शिपाईसुद्धा बदलू शकतो. या धंद्यातलं जुनं नाव वाइज. ती कंपनी डेलने २०१२ मध्ये घेतली. या सगळ्याचा परिणाम म्हणजे मंद पण थंड प्रोसेसर, बहुधा पंखा नाही, आणि बोर्डावरच डकवलेली थोडीशी ईएमएमसी साठवण (मोबाइलमधल्यासारखी फ्लॅश चिप). डेल वाइज ३०४० मध्ये तर २ जीबी रॅमही बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. वाढवायचा प्रश्नच येत नाही.

एक लिटरचा पीसी याच्या उलट वाटेने आला. त्यात लॅपटॉपची रॅम, लॅपटॉपची एसएसडी, बाहेरचा अडॅप्टर. पण प्रोसेसर मात्र डेस्कटॉपचा, ३५ वॉटच्या मर्यादेतला, नावापुढे ‘टी’ असलेला. लेनोवोने २०१२ मध्ये थिंकसेंटर एम९२पी टायनी काढला. एचपी यांना मिनी म्हणते, डेल मायक्रो. ‘सर्व्ह द होम’ या संकेतस्थळाने २०२० मध्ये ही तिन्ही नावं जोडून ‘टायनी-मिनी-मायक्रो’ अशी मालिका सुरू केली आणि होमलॅबवाल्यांच्या तोंडी तेच नाव बसलं; इथे पुढे तिघांनाही टायनीच म्हटलं आहे. पुढे रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाचा तुटवडा पडला, तेव्हा अनेकांचं लक्ष या दोन्ही डब्यांकडे एकदमच वळलं. गोंधळाचं मूळ तिथेही आहे.

नाव वाचून ओळखता येईल असं वाटतं, पण कंपन्यांनी ती सोय ठेवलेली नाही. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३००० मायक्रो आहे आणि ऑप्टिप्लेक्स ३००० थिन क्लायंटही आहे. पहिल्यात इंटेलच्या ‘कोअर’ मालिकेतला बाराव्या पिढीचा प्रोसेसर, दुसऱ्यात इंटेलचाच साधा सेलेरॉन किंवा पेंटियम. लेनोवोचा एम६२५क्यू टायनीच्याच आकाराच्या पेटीत येतो, पण आत एएमडीचा दुबळा दोन कोअरचा प्रोसेसर असतो. एचपीच्या बाबतीत जरा सोपं आहे: टी६३०, टी६४०, टी७४० अशी ‘टी’ने सुरू होणारी नावं थिन क्लायंटची, एलिटडेस्क आणि प्रोडेस्क मिनी म्हणजे पीसी. बाकीच्यांसाठी पेटीवरचं नाव सोडून प्रोसेसरचं नाव वाचावं. आय५-८५००टी दिसलं तर पीसी. जे५००५ किंवा जीएक्स-४२०जीआय दिसलं तर थिन क्लायंट. दुकानदाराला राग आला तरी चालेल, डबा चालू करून बायोसचा (मूळ सेटिंगचा) पडदा बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ताकदीचा फरक मोठा आहे. वाइज ५०७० मधला पेंटियम जे५००५ चार कोअरचा, १० वॉटचा. लेनोवोच्या एम७२०क्यू टायनीमधला आय५-८५००टी सहा कोअरचा, ३५ वॉटचा, आणि सगळे कोअर कामाला लावले तर दुपटीहून पुढे जातो. प्रॉक्समॉक्स (एकाच डब्यात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) टाकून चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर चर्चा इथेच संपते. पाय-होल (जाहिराती अडवायला), होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवायला), वायरगार्ड (व्हीपीएनसाठी) एवढंच हवं असेल तर मात्र आय५ बहुतेक वेळ झोपलेलाच असतो.

विजेच्या बिलाचा मुद्दा थिन क्लायंटवाले हटकून पुढे करतात. गणित करून पाहू. सतत जळणारा एक वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. वाइज ५०७० रिकामा असताना ५-६ वॉट घेतो, आठव्या पिढीचा टायनी लिनक्सवर नीट बसवला तर १० च्या आसपास. फरक पाच वॉटचा, म्हणजे वर्षाला ४४ युनिट; युनिटला दहा रुपये धरले तर ४४० रुपये. एवढ्यासाठी सहा कोअर सोडायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी बिलाच्या कारणाने थिन क्लायंट घेणं पटत नाही. शांततेसाठी घेणं पटतं. झोपायच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या कप्प्यात, जिथे पंख्याची घरघर नको आणि धूळ आत ओढली जायला नको, तिथे बिनपंख्याचा डबा राजा आहे.

आता एक उलटी गोष्ट. व्हिडिओच्या कामात थिन क्लायंट टायनीला हरवू शकतो. जेलीफिन या घरच्या व्हिडिओ सर्व्हरवर दहा-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलून टीव्हीला पाठवायची, तर जे५००५ मधली ग्राफिक्स ते काम हार्डवेअरमध्येच करते. सहाव्या पिढीच्या आय५-६५००टी मध्ये दहा-बिटची पूर्ण हार्डवेअर सोय नाही; तिथे प्रोसेसर घाम गाळत बसतो. सातव्या पिढीपासून ती आली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर जवळपास नाहीतच, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे टायनी ऑफिसांतून बाहेर निघत आहेत. लिनक्स टाकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण स्वस्त मिळतो म्हणून व्हिडिओसाठी सहावी पिढी उचलू नये, सातवी मागावी.

साठवणीतही एक सापळा आहे. वाइज ५०७० मध्ये एम.२ खाच (पट्टीसारख्या एसएसडीची) आहे, पण ती फक्त साटाची, म्हणजे जुन्या, संथ जोडणीची. घरात पडलेली, वेगवान जोडणीची एनव्हीएमई एसएसडी त्यात चालत नाही. टी६३० चंही तेच. एम७२०क्यू एनव्हीएमई घेतो.

तपासणीकडे वळू. इथेच दोघांच्या वाटा खऱ्या फुटतात, कारण थिन क्लायंटमध्ये जे बिघडतं ते बहुधा बदलता येत नाही, आणि टायनीमध्ये जे बिघडतं ते बहुतेक बदलता येतं. म्हणून थिन क्लायंट विकत घेण्याआधी कडक तपासावा आणि टायनी घरी आणल्यावर निवांत तपासला तरी चालतो.

थिन क्लायंटचा पहिला अडथळा बायोसचा पासवर्ड. वाइजचा कारखान्यातून येणारा पासवर्ड ‘फायरपोर्ट’, पहिलं अक्षर मोठं. जुन्या मालकाने तो बदलला नसेल तर काम झालं. बदलला असेल तर डबा दुकानदारालाच परत. वाइज ३०४० ची आणखी एक खोड आहे: त्याचं यूईएफआय (नव्या धाटणीचं बायोस) ठरलेल्या एकाच जागी, ठरलेल्या एकाच नावाची बूट फाइल शोधतं. डेबियन लिनक्स टाकताना ‘ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) काढता येण्याजोग्या माध्यमाच्या जागी टाकायचं का’ असा प्रश्न येतो, तिथे हो म्हणायचं. नाहीतर स्थापना यशस्वी होते आणि पुढच्या वेळी डबा सुरूच होत नाही.

मग ईएमएमसी. तिचं आयुष्य किती उरलं हे लिनक्समध्ये वाचता येतं. आकडा दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी येतो, एक म्हणजे जवळजवळ नवी. ऑफिसात पाच-सहा वर्षं राबलेल्या थिन क्लायंटची ईएमएमसी बरेचदा ताजी निघते, याचं नवल वाटतं. कारण साधं आहे: थिन क्लायंटवरच्या विंडोजच्या खास आवृत्तीत राइट फिल्टर चालू ठेवतात, त्यामुळे दिवसभराचं लिखाण रॅममध्ये जातं आणि डबा बंद केला की पुसलं जातं. ती साठवण खरी झिजवतो आपण, लिनक्स टाकून आणि दिवसरात्र लॉग लिहून. लॉग रॅममध्ये ठेवावेत, डेटाबेस वेगळ्या एसएसडीवर.

उष्णतेची परीक्षा दोघांची अगदी वेगळी. बिनपंख्याचा डबा जाड बुडाच्या कढईसारखा हळूहळू तापतो. दहा मिनिटं स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) चालवून ‘थंड आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. तास-दीड तास चालू द्या, तापमानाची रेघ सपाट झाली की आकडा टिपा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. उरतो तो फरक साधारण कायम राहतो. जानेवारीत वीस अंशांच्या खोलीत ६५ दिसलं, तर मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे चाळीस अंशांच्या खोलीत ८५ धरून चालायचं. कोकणात तेवढी उष्णता नाही, पण तिथे दमट हवा असते. पोर्टांवरचा हिरवट गंज बघून घ्यावा.

टायनीला मात्र पहिली पाच-दहा मिनिटंच बरंच सांगून जातात. सुरुवातीला तो टर्बोमध्ये, म्हणजे मूळ वेगाच्या वर, उसळतो, भिंतीवरचा मीटर पन्नास वॉटच्याही वर जातो, मग प्रोसेसर ३५ वॉटवर स्थिरावतो आणि वेग उतरतो. हे पाहून घाबरणारे पुष्कळ भेटतात. वेग उतरणं दोष नाही. मूळ वेगाच्या, म्हणजे आय५-८५००टी साठी २.१ गिगाहर्ट्झच्या खाली जाणं दोष. तेव्हा थर्मल पेस्ट वाळलेली असते किंवा पंख्यात धुळीचा नमदा बसलेला असतो. दोन्हीचा इलाज एका दुपारचा आहे.

वेग ८०० मेगाहर्ट्झवर चिकटून बसला असेल आणि तापमान मात्र थंड असेल, तर प्रोसेसरला दोष देण्याआधी अडॅप्टर बघा. डेलच्या पिनच्या मधोमध ओळख सांगणारी तार असते. ती न जुळणारा डुप्लिकेट अडॅप्टर लावला की मशीन सुरू होतं, पण मुद्दाम रांगतं. जुन्या बाजारात डबा आणि अडॅप्टर यांची जोडी जुळलेली असेलच असं नाही. थिन क्लायंटमध्ये हाच घोळ जास्त महाग पडतो: वाइज ३०४० पाच व्होल्टचाही आहे आणि बारा व्होल्टचाही. राउटरच्या बारा व्होल्टच्या मिनी यूपीएसवर तो चालवायची कल्पना छान आहे, पण आधी डब्याखालचं लेबल वाचा.

मेमरी दोघांचीही तपासावी. मेमटेस्ट८६ प्लस सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआयवर चालतो. रात्री लावून झोपावं. नेटवर्कचा वेग आयपर्फ३ या प्रोग्रॅमने बघावा, गिगाबिट पोर्टवर ९४० मेगाबिटच्या आसपास आलं की पुढे जावं.

एका कामात मात्र दोघांमधली भिंत खरोखरच पातळ होते: राउटर-फायरवॉल. त्यासाठी जादा नेटवर्क पोर्ट लागतात, म्हणजे जादा कार्ड बसवायची पीसीआय एक्स्प्रेसची खाच हवी. थिन क्लायंटांपैकी एचपी टी७३० आणि टी७४० मध्ये ती आहे, वाइज ५०७० च्या रुंद आवृत्तीत आहे. टायनींमध्ये एम७२०क्यू आणि एम९२०क्यू मध्ये आहे, पण ती खाच वापरता यावी म्हणून रायझर हे जोडकार्ड वेगळं घ्यावं लागतं आणि ते बसवलं की अडीच इंची ड्राइव्हची जागा जाते. ओपीएनसेन्स या फायरवॉल प्रणालीसाठी मी टी७३० सारखा जुना थिन क्लायंट आता सुचवणार नाही. तो ताकदीच्या मानाने वीज जास्त खातो. रुंद ५०७० मिळाला तर तो, नाहीतर एम९२०क्यू. एम९२०क्यू मध्ये इंटेलची एएमटी (दुरून मशीन हाताळायची सोय) असते, त्यामुळे दुसऱ्या खोलीतून बायोसपर्यंत पोचता येतं.

कुठलाही डबा निवडा, बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा आणि आतली सीआर२०३२ बटन सेल त्याच दिवशी बदला. सेल मेलेली असली तर काही मशीन ही सेटिंग विसरतात, आणि तुम्ही गावाला असताना लोडशेडिंग झालं की घरचं सगळं नेटवर्क तुम्ही परत येईपर्यंत बंद राहतं.