ऑक्सिजन आणि किरण: वेळ जुळवण्याची शंभर वर्षे

ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूत उगवणारी सर्वांत आक्रमक गाठ मानली जाते. शक्य तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे इतक्या मात्रेचे किरणोपचार द्यायचे आणि सोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगावरील औषधाच्या गोळ्या, हा उपचार २००५ मध्ये रूढ झाला. तो रूढ करणाऱ्या चाचणीत नुसते किरणोपचार घेतलेले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. गोळ्यांची जोड मिळाल्यावर हा आकडा १४.६ झाला. एवढा मारा करूनही गाठ बहुतेक वेळा त्याच जागी परत येते. त्याचे एक कारण डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे: गाठीच्या काही भागांत ऑक्सिजन नीट पोहोचतच नाही.

त्वचा दाबून रक्तपुरवठा कमी केला की किरणांचा दाह कमी होतो, हे गॉटवाल्ड श्वार्त्स यांनी १९०९ च्या सुमारास नोंदवले होते. पुढे १९२१ मध्ये होल्टहुसेन यांना जंताच्या अंड्यांवर तेच दिसले; ऑक्सिजन काढून घेतला की अंडी किरणांना दाद देत नव्हती. पण कर्करोगाशी याचा धागा पक्का जोडला तो ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एल. एच. ग्रे यांनी. किरण मोजायचे ‘ग्रे’ हे एकक त्यांच्याच नावाचे. १९५३ च्या त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने मुद्दा स्पष्ट मांडला, आणि दोनच वर्षांत टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून दाखवले की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी अंतरावर पेशी मरू लागतात. मेलेल्या आणि धडधाकट पेशींच्या सीमेवर ज्या अर्धउपाशी पेशी तग धरून असतात, त्याच खऱ्या त्रासाच्या. ऑक्सिजनविना पेशी मारायला अडीच ते तीनपट किरण लागतात.

असे का, ते समजले की पुढचा सगळा इतिहास उलगडतो. किरणांमुळे डीएनएवर जी जखम होते, ती पेशी चटकन भरून काढू शकते. ऑक्सिजन हजर असेल तर तो त्या जखमेला चिकटतो आणि ती कायमची होते. पण ऑक्सिजन किरण पडतानाच तिथे हवा. काही सहस्रांश सेकंदांनी आलेला उपयोगाचा नाही. म्हणजे प्रश्न नुसता ऑक्सिजन देण्याचा नाही, नेमक्या वेळी तो गाठीत असण्याचा आहे.

रक्तातले हिमोग्लोबिन एरवीही जवळपास भरलेलेच असते. म्हणून जास्त दाबाखाली ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळवायची कल्पना पुढे आली. १९५५ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णांना बंद टाकीत तीन वातावरणे, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाखाली ऑक्सिजन देत किरणोपचार केले. सुरुवातीच्या रुग्णांना भूल देऊन कानाचे पडदे टोचावे लागत. शिवाय अतिदाबाचा ऑक्सिजन स्वतःच झटके आणतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवले होते. ज्यांच्या मेंदूतच गाठ आहे त्यांच्यासाठी ही धास्ती दुप्पट. रोज टाकीत बसवणे अवघड, म्हणून मोजक्याच वेळा मोठ्या मात्रा दिल्या जात. त्यामुळे नेहमीच्या उपचाराशी तुलना अनेकदा सरळ राहिली नाही, हे माझ्या मते त्या काळाचे मोठे दुर्दैव. डोके-मानेच्या कर्करोगांत काही फायदा दिसला. ग्लिओब्लास्टोमाबाबत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अमेरिकी चाचणीतला फरक ठाम म्हणण्याजोगा नव्हता.

मग टाकी मागे पडली आणि औषधांचा काळ आला. ऑक्सिजनची जागा घेणारी मेट्रोनिडाझोल, मिसोनिडाझोलसारखी रसायने वापरून पाहिली गेली. मिसोनिडाझोलने मज्जातंतूंना इजा होई आणि मेंदूच्या गाठींत लाभ दिसेना. कार्बोजेन, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगवण्याचा प्रयोगही ग्लिओब्लास्टोमात फारसा पुढे गेला नाही.

खरी कलाटणी १९९० च्या दशकात जपानमध्ये मिळाली, आणि ती साधी होती: किरण टाकीत द्यायचेच कशाला? आधी टाकीत ऑक्सिजन द्या, बाहेर काढा आणि साधारण १५ मिनिटांच्या आत नेहमीच्या यंत्राखाली झोपवा. मेंदूच्या गाठीच्या आसपास वाढलेला ऑक्सिजन टाकीबाहेर आल्यावर काही मिनिटे टिकतो, हे मोजमापांतून दिसले. कोशी, ओगावा आणि इतरांच्या गटांनी या पद्धतीने, काही ठिकाणी केमोथेरपीची जोड देऊन, उपचार केले. निष्कर्ष आशादायक होते, पण रुग्ण थोडे आणि तुलना बऱ्याचदा जुन्या नोंदींशी. त्यामुळे ग्लिओब्लास्टोमाच्या प्रमाण उपचारात या जोडीला आजवर जागा मिळालेली नाही. किरणोपचारानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी निरोगी ऊती मरू लागल्या तर तिथेही अतिदाबाचा ऑक्सिजन देतात, पण तो भाग वेगळा: त्यात उद्देश जखम भरण्याचा असतो, गाठ मारण्याचा नाही. ‘ऑक्सिजन थेरपी’ या एकाच नावाखाली दोन्ही येत असल्याने रुग्णाच्या नातेवाइकांनी नेमके कोणते म्हणताय, एवढे तरी विचारून घ्यावे.