उजनीच्या माशाला कोणते जाळे?

जाळे घ्यायला आलेले बहुतेक जण आधी भाव विचारतात. आमची विनंती आहे, आधी आस विचारा. जाळ्याचे एक घर ताणून धरले की समोरासमोरच्या दोन गाठींत जे अंतर पडते, तो आस. आज हाती काय लागणार आणि पुढच्या वर्षी पाण्यात काय उरणार, हे बरेचसे त्यावरच ठरते.

उजनीचा जलाशय सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय, आणि त्यातला मासा एका थरात राहत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. मरळ काठच्या गवता-शेवाळात दबा धरते आणि हवा घ्यायला वर येते. वाम दगडांच्या कपारीत, शिंगटा खोल तळाशी. या दोघांसाठी जाळ्यापेक्षा आमिष लावलेला गळ बरा. शिंगट्याचे काटे तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्यात, असे गुरफटतात की सोडवताना जाळेच फाटते.

चिलापी (तिलापिया) मूळची आफ्रिकेची. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे तिची संख्या लवकर वाढते. कटला, रोहू, मृगळ यांचे तसे नाही. त्यांना विणीसाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात ते वीत नाहीत. म्हणूनच धरणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. बोटभर कटला बारीक जाळ्यात आला, तर सोडलेले बीज मोठे होण्याआधीच संपले.

आस निवडायची सोपी रीत सांगतो. जो मासा हवा त्याच्या पोटाभोवती दोरी फिरवून घेर मोजा, निम्मा करा आणि त्याहून थोडा लहान आस घ्या. मग डोके आत जाते, अंग अडते आणि कल्ले दोऱ्यात अडकतात. किलोभराच्या कटल्याला 110 ते 120 मिलिमीटर, खाण्याजोग्या चिलापीला 65 ते 70 मिलिमीटर पुरतो. जाळे दोराला ताठ बांधू नका, झोळ ठेवा. ताठ जाळ्याला मासा धडकून परततो.

वडापाचे, म्हणजे अगदी लहान घरांचे, बारीक जाळे आम्ही दुकानात ठेवत नाही. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल, पण त्या जाळ्यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही, आणि पिल्ले संपली की नुकसान भोई-कोळ्यांच्याच घरात येते.

उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, तशीच बुडालेली झाडे आणि भिंतीही वर येतात. तेव्हा जागा नीट पाहून ठेवा, पाणी चढल्यावर तिथे जाळे टाकू नका. अडकलेले जाळे तोडून सोडायची वेळ आलीच, तर निघेल तेवढे काढून आणा. नायलॉन कुजत नाही. मागे राहिलेला तुकडा मासे आणि पाणपक्षी मारत राहतो.

फाटके जाळे दुकानात घेऊन या. दुरुस्त होण्यासारखे असेल तर नवे घ्या असे आम्ही सांगणार नाही.